फलकावर न आलेले चेंडू

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि मार्लो बेंडच्या महापौर माननीय लोरेटा स्टॅन्सबरीबाई. हेरन्स बेसबॉल संघाचे मालक श्रीयुत हार्लन फोग्टसाहेब. मला बोलायला दहा मिनिटं देणारे, पण स्वतः कुठल्याही रविवारी दहा मिनिटांत न थांबलेले आपले पास्टरसाहेब. दूरवरून मुद्दाम आलेला रेनार्ड बीसन, ज्याला मी साहेब म्हणणार नाही, कारण एकविसाव्या वर्षी त्याला बुटांच्या जोडीतला डावा कुठला हे दाखवावं लागायचं. आजचे सत्कारमूर्ती एमेट कोल्वर आणि त्यांच्या सौभाग्यवती नॅडीन. आणि अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये लवकर येऊन बसलेल्या, उशिरा येऊन उभ्या राहिलेल्या आणि निव्वळ कोंबडीच्या वासानं आत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी गस लिंडेल. सत्तावीस वर्षं हेरन्सचा मॅनेजर होतो. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे तरुण मंडळी मला फक्त किराणा दुकानात रांग अडवणारा म्हातारा म्हणून ओळखत असतील. तेही खोटं नाही.

माझ्याआधी पाच जण बोलले. सगळे छान बोलले, दोघं रडले. मी रडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मॅनेजरचं निम्मं काम म्हणजे पोरांना खोलीत बोलावून 'बाळा, सामान बांध' असं सांगणं. ते सत्तावीस वर्षं केल्यावर माणसाचं मन जरा कोरडं होतं. शिवाय जेवणानंतरचा गोड पीच-पाय कापून ठेवलाय आणि मला तो गरम आवडतो. तेव्हा मुद्द्याचं बोलतो.

माझ्या डाव्या हाताला निळ्या कापडाखाली झाकलेला तो फलक आहे ना, तो मी काल बघून आलो. चोरून नाही, कोरणारा माझा शेजारी आहे. फलकावर लिहिलंय: एमेट कोल्वर. हेरन्ससाठी चारशे बारा सामने. मोठ्या लीगमध्ये एक सामना, सात चेंडू. तीस वर्षं प्रशिक्षक. अक्षर सुंदर आलंय. पण त्यातली एक ओळ चुकीची आहे आणि ती चूक कोरणाऱ्याची नाही. म्हणून मी फोग्टसाहेबांना विनंती केली की फलकाचं अनावरण माझ्या बोलण्याआधी नको, नंतर करा. त्यांनी कारण विचारलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. आता कारण सांगतो. हा फलक एकदा मैदानाच्या भिंतीवर चढला की माझ्यानंतरही तिथंच राहणार, आणि ती ओळ का चुकली हे सांगू शकणारा एमेटखेरीज मी एकटाच आहे. एमेट सांगणार नाही. बत्तीस वर्षांत सांगितलं नाही, तो आज काय सांगणार?

मघाशी जेवताना महापौरबाईंनी मला विचारलं, "मिस्टर लिंडेल, हा रिलीफ पिचर नक्की करतो काय?" बाई आपल्या गावात नव्या आहेत, त्यांनी हे विचारण्याचा मोठेपणा दाखवला. इथं चाळीस वर्षं सामने बघणाऱ्या काही जणांनाही ते माहीत नाही, फक्त ते विचारत नाहीत. तर बाई, सामना सुरू करणाऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, आठवडाभर आधी माहीत असतं की आपण कधी खेळणार. तो तसा झोपतो, तसा जेवतो. रिलीफ पिचरला काहीच माहीत नसतं. तो मैदानाच्या कडेला, कुंपणापलीकडे, बुलपेन नावाच्या जागेत बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. पहिल्या पिचरला मार पडायला लागला की मॅनेजर फोन उचलतो. बुलपेनमध्ये फोन वाजतो. "अमक्याला उठव." मग तो अमका उठतो आणि कॅचरकडे वीस-पंचवीस चेंडू फेकून हात गरम करतो. पुन्हा फोन वाजतो. "तयार?"

या प्रश्नाला उत्तर एकच असतं. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. ताप असो, पोटात मुरडा असो, बायको घर सोडून गेलेली असो, उत्तर 'तयार'. ज्यानं एकदा 'नाही' म्हटलं त्याच्यासाठी फोन वाजायचा थांबतो. एक्याऐंशी साली एमेटची अक्कलदाढ सुजली होती. गाल असा, की तोंडात बेसबॉल धरलाय असं वाटावं. मी विचारलं, "तयार?" तिकडून आलं, "थ्यार." समोरचा बॅटर त्याचं तोंड बघून इतका हसायला लागला की तीन चेंडूंत बाद झाला. नंतर तो बॅटर पंचांकडे तक्रार करत होता, की हा चेहरा नियमात बसतो का म्हणून!

एमेट आमच्याकडे आला तेव्हा बावीस वर्षांचा होता. डावखुरा, लांब, काटकुळा, फारसा न बोलणारा. त्याचा चेंडू फार वेगवान नव्हता, पण शेवटच्या क्षणी असा खाली बसायचा की बॅटर हवेतच बॅट फिरवून मोकळा व्हायचा. आठ मोसम तो त्या बाकावर बसला. आठ मोसमांत मोठ्या लीगमधून बोलावणं आलं नाही, आणि का आलं नाही याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. नॅडीनचं तेव्हा नुकतंच केसांचं दुकान सुरू झालं होतं. ती मला एकदा म्हणाली, "स्किपर, हा झोपेत बोलतो. 'तयार' म्हणतो." मॅनेजरला आमच्याकडे स्किपर म्हणतात. पुढे नॅडीननं मला स्किपर म्हणणं सोडलं, पण त्याकडे येतो.

आता मी मॅनेजर कसा होतो, ते सांगायला हवं. मी भित्रा मॅनेजर होतो. वर्तमानपत्रं मला 'सावध' म्हणायची, तो त्यांचा चांगुलपणा. समोरच्या संघाचे दोन बॅटर लागोपाठ तळावर, म्हणजे बेसवर, पोचले की माझा हात फोनकडे जायचा. "एमेटला उठव." एमेट उठायचा, पंचवीस चेंडू टाकायचा. तेवढ्यात संकट टळायचं. "बसव त्याला." सामन्याच्या नऊ इनिंग, त्यातल्या दोन झाल्या की पुन्हा, "उठव." पुन्हा पंचवीस. "बसव." सामना संपला की वहीत लिहिलं जायचं, कोल्वर खेळला नाही. विश्रांती.

कारण वहीत फक्त बॅटरसमोर टाकलेला चेंडू लिहितात, मंडळी. बुलपेनमध्ये टाकलेला चेंडू कुठंच लिहीत नाहीत. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं एकालाही वाटत नव्हतं. मलाही नाही. इतकी साधी गोष्ट आम्हा शहाण्यांच्या डोक्यात शिरली नाही.

शहाऐंशी साल. ऑगस्टमधला शेवटचा रविवार, दुपारचा सामना. शुक्रवारी एमेट दोन इनिंग खेळला होता. शनिवारी मी त्याला दोनदा उठवून बसवलं होतं. रविवारी पाचव्या इनिंगमध्ये उठवलं, बसवलं. सातव्या इनिंगमध्ये उठवलं, बसवलं. नवव्यात पुन्हा उठवलं आणि आम्ही सामना जिंकलो, म्हणून बसवलं. ऊन असं होतं की बाकाला हात लावला तर चटका बसावा. म्हणजे दोन दिवसांत सव्वाशेच्या आसपास चेंडू, आणि वहीत शून्य.

सामना संपला आणि माझ्या खोलीतला फोन वाजला. एक सप्टेंबरपासून मोठे संघ खालून चार-दोन जणांना बोलावून घेतात. पलीकडचा माणूस घाईत होता. म्हणाला, "तुमचा तो डावखुरा, कोल्वर. शेवटचा कधी खेळला?"

मी वही बघितली. "शुक्रवारी."

"म्हणजे दोन दिवस विश्रांती. ताजातवाना आहे ना? उद्या दुपारीच लागेल. नसेल तर दुसऱ्या गावात एक आहे."

मी म्हणालो, "एकदम ताजातवाना."

खोटं बोललो का? वहीप्रमाणे नाही. आणि मनात काय होतं म्हणाल, तर त्याचं भलंच होतं. आठ वर्षं वाट बघितलेला माणूस, दार एकदा उघडलंय, आता 'थकलाय' म्हणून ते मी बंद करू? हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती. थकलाय म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, "खेळला नाही तर थकला कशानं?" त्याचं उत्तर मीच होतो.

मी एमेटला बोलावलं. तो दारात उभा, डाव्या कोपरावर बर्फाची पिशवी बांधलेली. मी म्हणालो, "सामान बांध." त्याचा चेहरा पडला, कारण या शब्दांचा अर्थ एरवी वेगळा असतो. मग मी म्हणालो, "वरच्या संघानं बोलावलंय." तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "त्यांना काय सांगितलंत?"

"ताजातवाना आहे, म्हणून सांगितलं."

त्यानं हातावरची बर्फाची पिशवी सोडली आणि टेबलावर ठेवली. हसला आणि म्हणाला, "मग ताजातवाना व्हायला पाहिजे."

मी त्याला विचारलं नाही, एमेट, हात कसा आहे? तीन शब्दांचं काम होतं. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोमवार, सप्टेंबरातल्या आपल्या कामगार दिनाची सुट्टी. अर्धं गाव याच हॉलमध्ये रेडिओभोवती जमलं होतं, काही जण आजही इथं आहेत. सातव्या इनिंगमध्ये त्यांनी एमेटला आत घातलं. पहिल्या सहा चेंडूंत काय झालं ते मला आठवत नाही. सातव्या चेंडूनंतर निवेदक गप्प झाला, हे आठवतंय. रेडिओवर माणूस गप्प झाला की फार लांब वाटतं. कोपराचा स्नायू हाडापासून सुटला होता. एमेट एकोणतीस वर्षांचा होता.

डॉक्टरांनी त्याला विचारलं, आधी दुखत होतं का? तो म्हणाला, नाही, सातव्या चेंडूलाच काय ते झालं. त्यांनी मलाही फोन केला. मी म्हणालो, अचानकच झालं असणार. मग वर्तमानपत्रात आलं, की कोल्वरला मोठ्या मैदानाचं दडपण आलं, हात नीट गरम न करताच तो आत गेला. हात नीट गरम न करता! हे मी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून वाचलं आणि पेपर घडी घालून ठेवला. मूग गिळून बसलो.

गावानं त्याचं नाव ठेवलं 'सात बॉलवाला'. प्रेमानं ठेवलं असं लोक म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात तो सात खिळे मागायला गेला तरी लोक हसायचे. तोही हसायचा. मघाशी जेवताना त्याच्या टायवर ग्रेव्ही सांडली आणि आपण सगळे हसलो, मीही हसलो. गावाच्या प्रत्येक सहलीत, प्रत्येक जेवणात एमेट कोल्वर काहीतरी सांडतो, हा आपला जुना विनोद आहे. मंडळी, तो डावखुरा आहे. डाव्या हातातला घास तोंडापर्यंत पोचत नाही, कारण ते कोपर तेवढं वळत नाही. बत्तीस वर्षं तो चुकीच्या हातानं जेवतोय. नॅडीन, तू मान खाली घालू नकोस. मान खाली घालायची ती मी.

मी त्याला प्रशिक्षक म्हणून घेतलं, तर गाव म्हणालं, गस लिंडेल मनानं मोठा. मीही ते ऐकून घेतलं.

पहिल्याच दिवशी बुलपेनमध्ये गेलो तर हा बाकावर चढून हिरव्या लाकडी भिंतीवर खडूनं पिचरांची नावं लिहीत होता. नावापुढे रेघा. उजव्या हातानं लिहिलेलं, त्यामुळे बालवाडीतलं अक्षर.

मी म्हणालो, "काय रे, शाळा काढलीस?"

"रेघा मारतोय, स्किपर. इथं टाकलेला प्रत्येक चेंडू."

"इथले चेंडू कोण मोजतं?"

तो खाली उतरला, खडू खिशात ठेवला आणि म्हणाला, "बॅटर समोर होता की नव्हता, हे कोपराला कळत नाही."

एवढंच बोलला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे रोखून बघितलं नाही. मी 'बरं बरं' म्हणून परत आलो. त्या भिंतीची सगळ्या लीगमध्ये टिंगल झाली. पाहुणे संघ येऊन तिच्यावर शेरे लिहून जायचे, ते इथं सांगण्यासारखे नाहीत, समोर मुलंबाळं आहेत. एमेट ओलं फडकं घेऊन शेरे पुसायचा आणि रेघा मारायचा. दर सोमवारी भिंत धुवायची, पुन्हा सुरू. आणि बाई, हे तुम्हाला म्हणून सांगतो, त्याच्या हाताखाली तीस वर्षांत एकाही पिचरचा हात कायमचा गेला नाही. फलकावर लिहायला हवं होतं ते हे.

आता दोन हजार तीन. या शब्दावर मागच्या बाजूला कुजबुज सुरू झालीच. मला माहीत होतं. या गावात नवराबायको भांडले तरी शेवटी दोन हजार तीनवर येतात.

अजिंक्यपदाचा पाचवा, निर्णायक सामना. रविवारची दुपार, मैदानात मुंगीला जागा नाही. आठवी इनिंग, आपण एका धावेनं पुढे. आमच्या पिचरचा दम संपलेला. रेनार्ड बीसन म्हणजे आमचा हुकमाचा एक्का, एकवीस वर्षांचा, त्याचा चेंडू दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. मी शुक्रवारी त्याला खेळवलं होतं, शनिवारी खेळवलं होतं आणि त्या दिवशी सहाव्या आणि सातव्या इनिंगमध्ये उठवून बसवलं होतं. माणसाची खोड जात नाही. मी फोन उचलला.

"रेनार्डला उठव."

एमेट म्हणाला, "नाही."

मला वाटलं, प्रेक्षकांच्या गलक्यात नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणालास?"

"तो आज खेळणार नाही."

"दुखतंय म्हणतोय का?"

"तो कशाला म्हणेल? तो तयार आहे म्हणतोय."

"मग पाठव की, लेका! मॅनेजर कोण आहे इथं?"

"तुम्हीच आहात. या आणि घेऊन जा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

माझ्या सबंध कारकिर्दीत बुलपेनमधून कुणी माझा फोन ठेवला नव्हता. मी उठलो आणि चालत निघालो. इनिंग संपली होती, पण तरी असं कुणी जात नाही. पंच मागून ओरडतायत, "गस, कुठं निघालास?" प्रेक्षकांना वाटलं म्हातारा चळला. मी कुंपणाच्या फाटकातून आत शिरलो. रेनार्ड हातमोजा घालून उभा. "मी तयार आहे, स्किपर," म्हणाला. एमेटनं त्याला फक्त एवढंच सांगितलं, "ज्या हातानं टाकतोस, त्याच हातानं खांद्याला हात लाव. त्याच बाजूच्या."

रेनार्डनं हात वळवला. बोटं खांद्यापासून चार बोटं अलीकडे थांबली. तो दात दाबून ढकलत होता आणि हसतही होता, पण बोटं पुढं जाईनात.

रेनार्ड, मघाशी तू तुझ्या भाषणात सगळ्यांना हसवत म्हणालास की, "त्या दिवशी मी त्या गड्याला नक्की बाद केलं असतं." टाळ्याही घेतल्यास. केलं असतंस, बाळा. पण त्यानंतरची अकरा वर्षं मोठ्या लीगमध्ये तू खेळला नसतास. डॉक्टरांनी आठवड्यानं काय सांगितलं होतं, तुला माहीत आहे, मला माहीत आहे. या लोकांना नाही.

मी एमेटकडे वळलो. माझ्या तोंडात शिवी होती. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मग जरा बाजूला झाला. रेनार्डच्या नावापुढे तीन दिवसांच्या रेघा, भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एमेट म्हणाला, "सतरा वर्षांपूर्वी या भिंतीवर रेघा नव्हत्या, स्किपर. आज आहेत. वाचा."

मी वाचल्या. परत फिरलो. दुसऱ्या पिचरला बोलावलं, त्याला होम रन बसला, चेंडू थेट कुंपणापार, आपण हरलो. हे सगळं तुम्हाला पाठ आहे.

तुम्हाला माहीत नाही ते यापुढचं. मैदानावरच पत्रकारांनी मला घेरलं. रेनार्ड का नाही खेळला? मी काय म्हणायचं होतं? म्हणायचं होतं की मी त्याचा हात पाहिला आणि माघारी आलो, निर्णय माझा. वाक्य तोंडाशी आलं होतं, मंडळी. पण चार हजार माणसं माझ्या अंगावर हुर्यो करत होती. मी म्हणालो, "बुलपेनमधून सांगण्यात आलं की तो उपलब्ध नाही."

खापर एमेटच्या डोक्यावर फुटलं. लोक म्हणाले, सात बॉलवाल्याला स्वतःला जमलं नाही, म्हणून पोराला अडवलं. जळतो मेला. त्याच्या गाडीच्या चारही चाकांची हवा गेली. नाक्यावरच्या हॉटेलात त्याला कॉफी थंड मिळायला लागली. नॅडीनच्या दुकानात वर्षभर खुर्च्या रिकाम्या होत्या; आज इथं सुंदर केस करून बसलेल्या कितीतरी भगिनी त्या वर्षी नदीपलीकडच्या गावात जाऊन केस कापत होत्या. मी नावं घेत नाही. नॅडीनला पाठ असतील. याच वेळी तिनं मला स्किपर म्हणणं सोडलं. एक दिवस रस्त्यात ती फक्त म्हणाली, "मिस्टर लिंडेल, तो अजूनही तुमच्याबद्दल वाईट बोलू देत नाही. मला घरातसुद्धा नाही."

तर फलकावरची ओळ. 'मोठ्या लीगमध्ये एक सामना, सात चेंडू.' ती अशी हवी: एक सामना, सात चेंडू, आणि त्याआधीच्या दोन दिवसांत गस लिंडेलनं उगाच टाकायला लावलेले सव्वाशे. दगडात एवढी जागा नाही, हे मला कळतं. म्हणून तुमच्या कानावर घालतोय. घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलावर सांगा. हॉटेलात सांगा. दोन हजार तीनचं भांडण निघालं की सांगा, तो निर्णय एमेटचा होता, बरोबर होता, आणि मला तो जागच्या जागी पटला होता.

पास्टरसाहेब घड्याळाकडे बघतायत. एकच राहिलंय. मी या माणसाला त्या फोनवर हजारो वेळा 'तयार?' विचारलं असेल. जे विचारायला हवं होतं, ते आता विचारतो.

एमेट, हात कसा आहे?

...

हसू नका, मंडळी. तो 'ठीक आहे' म्हणाला. तो तेच म्हणणार. एमेट, मी फोनवरून विचारत नाहीये. मी तुला कुठं आत घालणार नाहीये. तुझ्यासमोर पाच फुटांवर उभा आहे. पुन्हा विचारतो. हात कसा आहे रे?

...

मागच्यांना ऐकू आलं नसेल. तो म्हणतोय, "दुखतो, स्किपर. रोज दुखतो."

...

मी रडणार नाही म्हणालो होतो, तेही खोटं निघालं. पाणी नको, पास्टरसाहेब, ठीक आहे.

हे व्यासपीठ दिल्याबद्दल संयोजकांचा, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल अध्यक्षबाईंचा आणि तुम्हा सर्वांचा मी आभारी आहे. भाषणाच्या शेवटी वक्त्यानं काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर क्षमा मागायची असते. आज जे बोललो त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही. बत्तीस वर्षं जे बोललो नाही, त्याबद्दल मागतो. आणि ती सभागृहाकडे नाही. एमेट, तुझ्याकडे. आणि नॅडीन, तुझ्याकडे. द्यायची की नाही, हे सावकाश ठरवा. मी किराणा दुकानात रोज सकाळी असतो.

फोग्टसाहेब, आता फलक उघडायला हरकत नाही. दोरी तेवढी त्याच्या उजव्या हातात द्या.